डाव्या हाताचा मुलूख

माझी नात मला हल्ली पिक्चर दाखवते. "आजी, बघ ना, बाई कशी उडते!" उडते तर उडू दे की. अंगाला चिकटलेला पोशाख, मोकळे केस, एका ठोशात इमारत खाली. बघून मला जांभया येतात. मी तिला म्हणते, अगं, आम्ही तुझ्या बापाच्याही जन्माआधी अशी बाई बघितलीय. उडत नव्हती, पण घोड्यावरून थेट किल्ल्याच्या भिंतीवर उडी घ्यायची. डोळ्यांवर काळा पट्टा, हातात चाबूक, आणि सगळे सरदार, शिपाई तिच्यापुढं चळाचळा कापायचे. नात विचारते, "मग चांगला होता का गं पिक्चर?" आता काय सांगू हिला? त्या पिक्चरनं आमच्या घरात जे केलं ते आठवलं, की भर दुपारीसुद्धा माझ्या अंगावर काटा येतो.

मुरुडची नवाबी जाऊन दोन-चार वर्षं झाली असतील. काशीद आणि मुरुडच्या मधे आमचा कोळीवाडा. मी दहा-अकरा वर्षांची, आणि तोंडानं फटकळ. ते अजून आहेच. दिवाळी सरली की फिरता सिनेमा यायचा आणि महिनाभर रोज तोच पिक्चर लावायचा. बैलगाडीतून पेट्या उतरायच्या, पुळणीवरच्या वाळूत दोन उंच बांबू पुरायचे, मधे पांढरं कापड ताणायचं आणि भोवती गोणपाटाचा आडोसा. मशीन आणि पुरुषमंडळी कापडाच्या पुढच्या बाजूला. बायकांनी पुरुषांत बसायचं नाही, म्हणून आमची सोय कापडाच्या मागे. कापड पाणी मारून ओलं ठेवायचे, त्यामुळं चित्र आमच्याही बाजूला उमटायचं, जरा अंधूक, पण उमटायचं. पडद्यावरची अक्षरं उलटी दिसायची म्हणे. आमच्यात वाचता कुणाला येत होतं? आमच्या पुढ्यात पडदा आणि पाठीशी समुद्र. वारा आला की कापड फुगायचं, आणि त्या बाईचं तोंड आमच्या अंगावर आल्यासारखं मोठं व्हायचं, मग परत आत जायचं. ती श्वास घेतेय असं वाटायचं.

आता घरातलं सांगते. माझा काका, बापाचा धाकटा भाऊ, आदल्या वर्षी होडी घेऊन गेला तो आलाच नाही. होडी पालथी सापडली, तो सापडला नाही. पिठाचा पुतळा करून त्याला अग्नी दिला. तेव्हा काकी पोटुशी होती. नंतर तिला मुलगी झाली, आणि ती पोर बसायला लागली तशी प्रत्येक वस्तू डाव्या हातानं धरायला लागली. चमचा डाव्यात, भाकरी डाव्यात, सुकटीचा तुकडा डाव्यात.

माझी आजी, म्हणजे बापाची आई, या हातावर टपून होती. "बाप गेला पान्यात, नि ही आली डावा हात फुडं करून. ही खोड मुरायच्या आत मोडाया पायजे." आमच्याकडं पोरांना डाग द्यायची रीत होती. पोट दुखलं, डाग. झटके आले, डाग. तापलेली सळई कातडीला टेकवायची, संपलं. डावऱ्या पोराच्या तळव्याला डाग दिला की हात दुखतो, मग ते आपसूक उजवा वापरायला लागतं, असा हिशेब. आजीनं येत्या अवसेला डाग द्यायचं ठरवून टाकलं. आजीनं ठरवलं की ठरलं. माझा बाप वादळात होडी घालायचा, पण आपल्या आईपुढं मांजर व्हायचा. काकी तर बोलून चालून विधवा सून. ती काही बोलायची नाही. नुसती पोरीचा डावा हात पदराखाली झाकून ठेवायची.

तशात सिनेमा आला. विधवेनं सिनेमा बघायचा नसतो, पण माझी आई तिला म्हणाली, "चल गो. काळोखात कोन बघतंय?" काकी पोर कडेवर घेऊन आमच्यात बसली. आणि त्या पट्टेवालीनं डाव्या हातानं चाबूक उचलला.

काकी सरळ होऊन बसली. बाईनं डाव्या हातानं तिघांना लोळवलं. डाव्या हातानं दोर फेकून बुरुज चढली. डाव्या हातानं तुरुंगाचं कुलूप फोडलं. काकीनं माझा दंड इतका दाबला की वळ उठला. घरी येऊन ती, लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच असेल, सासूशी मान वर करून बोलली. "आये, बाई डावरी हाय. डाव्या हातानं किल्ला घेतला तिनं."

"डोंबल घेतला!" आजी म्हणाली. पण दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला स्वतःच गोणपाट बगलेत मारून निघाली, काकीला खोटं पाडायला.

पिक्चर कसा होता म्हणाल तर, अर्धा झकास आणि अर्धा भिकार. झकास काय? ती बाई रडत नव्हती. कुणी तिला विचारत नव्हतं, तू कुणाची, कुठं निघालीस, डोक्यावर पदर का नाही. तिचं सगळ्यात मोठं बळ म्हणजे तिला सासू नव्हती. आणि भिकार काय? समुद्र म्हणून एक तळं दाखवलेलं. होडीवाल्याला वल्हं धरता येत नव्हतं, आमच्या बायका त्यावर लोळून लोळून हसायच्या. ऐन मारामारीत एक जाडा माणूस येऊन गाणं म्हणायचा. आणि शेवट तर विचारूच नका. एवढा किल्ला जिंकला, आणि मग डोळ्यांवरचा पट्टा काढून, चाबूक राजपुत्राच्या पायाशी ठेवून, लाजत उभी राहिली. कप्पाळ! काकी त्याच्या आधीच उठायची आणि म्हणायची, "किल्ला पडला, पिक्चर संपला. बाकीचं आपलं नाय."

आजी मात्र तिसरंच काहीतरी बघत होती. पट्टेवाली डावरी, ठीक. पण तिथला राजाही डावरा. शिपायांच्या तलवारी डाव्या हातात. देवळातला पुजारी सगळ्यांना डाव्या हातानं तीर्थ देत होता. आमच्या बायका तोंडात पदर कोंबून हसत होत्या, "सगळा गावच डावरा गो!" आजी हसली नाही. तिनं माझं मनगट धरलं.

मग बंदराचा देखावा आला. मागच्या बाजूला एक माणूस, पाठमोरा, होडीचा दोर ओढत होता. डाव्या हातानं. तोंड दिसत नव्हतं, फक्त मान आणि खांदे. आजी उभी राहिली. "त्यो बघ," ती म्हणाली. "मान बघ त्याची." कापड वाऱ्यानं फुगलं, तो माणूस आमच्याकडं वळतोय असं वाटलं, आणि देखावा संपला. खरं सांगते, मलाही ती मान काकाचीच वाटली. मागं समुद्र घोगऱ्या आवाजात वाजत होता. मला वळून बघायचं धाडस झालं नाही.

घरी आल्यावर आजी चुलीपाशी बसली आणि हळू आवाजात बोलायला लागली. "मयताचं सगळं उलटं असतं, ठाव हाय ना? फेरे उलटे, पानी उलट्या हातानं. मग ती मानसं जिकडं जातात तिकडं सगळे उलट्या हाताचेच असनार. त्यो मुलूख दाखवतायत आपल्याला. नि माझा पोर तिथं हाय." मग तिनं झोपलेल्या पोरीचा डावा हात हातात घेतला, कुरवाळला. "ह्या हाताला कोनी बोट लावायचं नाय. बापानं तिकडून दिलेला हात हाय ह्यो."

डाग टळला!  त्या रात्री काकी भांडी घासताना गुणगुणत होती, आणि मलाही असा आनंद झाला की मी उगाच अंगणात उड्या मारल्या.

दोन दिवसांनी जेवताना माझी आई बापाला म्हणाली, पट्टेवाली डावरी असून किती सफाईनं चाबूक चालवते. बाप घास हातात धरून हसायला लागला. "डावरी? अगो, उजव्या हाताची हाय ती. तुम्ही कापडाच्या पाठीमागून बघता. सगळं उलटं दिसनार नायतर काय!" आजी तेव्हा घरात नव्हती, सिनेमालाच गेली होती.  काकीनं हात जोडले. "भावजी, तुमच्या पाया पडते, आयेला सांगू नका. पोरीचा हात वाचलाय माझ्या."

नाही सांगितलं कुणी. आणि तिथंच सगळं बिनसलं.

आजी रोज जायची. पिक्चर बघायला नव्हे, तो पाठमोरा माणूस बघायला. तो कधीच वळायचा नाही. "आज जरा वळला होता," ती येऊन सांगायची. पोरीला ती काकाच्या लहानपणच्या नावानं हाक मारायला लागली, आणि बाई गं, ती पोर त्या नावाला ओ द्यायची! आपल्या नावाला वळायची नाही, त्या नावाला वळायची. संध्याकाळी दारात बसवली की डावा हात समुद्राकडं करून "आ, आ" करायची. लहान पोरं करतातच तसं, मला आता कळतं. तेव्हा मी उठून घरात पळायचे. आजी म्हणायची, "बोलावतोय त्यो."

एकदा सूर्य बुडायच्या वेळी मी पुळणीवर सुकत घातलेल्या मासळीची राखण करत होते. ओहोटी लागलेली. पाण्यात कुणीतरी चालताना दिसलं. आजी होती. कडेवर पोर. पाणी तिच्या कमरेला लागलं होतं आणि ती थांबत नव्हती, देवळात जावं तशी शांत चालत होती. पोर रडत नव्हती. तिचा डावा हात पुढं पसरलेला होता आणि आजी तिला सांगत होती, "हात दे त्याला. हात दे, माझ्या राजा." मी काकीला हाक मारली ती कशी मारली मला ठाऊक नाही. काकी टोपली टाकून धावली, पाण्यात पडली, उठली, आणि तिनं पोर हिसकावून घेतली. आजी जराही चिडली नाही. ओल्या लुगड्यानं बाहेर आली आणि म्हणाली, "अजून थोडं आत गेलो असतो तर पोचलो असतो. असू दे. अवसेला उधान येतं. पानी जास्ती भरंल. तवा जाऊ."

म्हणजे त्याच अवसेला. आधी आग ठरली होती, आता पाणी.

माझा बाप त्या दिवशी पहिल्यांदा आपल्या आईला बोलला. कापडाची गोष्ट सगळी सांगितली, पुढची बाजू, मागची बाजू. आजीनं ऐकून घेतलं आणि त्याच्याकडं कीव केल्यासारखं बघितलं. "तुम्ही फुडं बसता. तुमाला काय दिसनार? ते पाठीमागूनच दिसतं."   बाप आम्हाला म्हणाला, पोरीला अवस होईपर्यंत डोळ्यांपुढून हलवू नका. पण काकीला टोपली घेऊन मुरुडच्या बाजारात जावं लागायचं, आईला जाळ्यांचं काम होतं, आणि घरात सगळ्यात जास्त वेळ पोरीजवळ कोण असायचं? आजीच.

 मग काकी आजीपुढं जाऊन बसली. मी तिथंच होते, पोरीला खेळवत. काकी म्हणाली, "आये, एकदा समोरून बघा. पुरुषांच्या बाजूनं. तिथंपन ते असले तर मी सोता पोर घेऊन तुमच्यासंगती पान्यात येते. नसले, तर अवसेला हिला डाग द्या. हात मी धरीन."

माझी आई "अगो!" म्हणून ओरडली. काकी तिच्याकडं वळून म्हणाली, "डाग बरा होतो, जाऊबाय."

आजीनं होकाराची मान हलवली.

दोन बायका पुरुषांच्या बाजूला शिरल्या म्हटल्यावर केवढा गलका झाला म्हणून सांगू! कुणी खाकरलं, कुणी शीळ घातली. बापानं डोळे वटारले तशी माणसं सरकली. आजी, काकी आणि काकीच्या पदराला धरून मी, मशीनशेजारी उभ्या राहिलो. पुढून पडदा लखलखीत होता. फुगत होता, पण श्वास घेतल्यासारखा नाही. नुसतं कापड हलतंय तसा. पट्टेवालीनं उजव्या हातानं चाबूक उचलला. आजी पुटपुटली, "ही ती नव्हं." पुजाऱ्यानं उजव्या हातानं तीर्थ दिलं.  काकीनं माझा हात घट्ट धरला होता. मला कळेना, तो माणूस दिसावा असं मागायचं की दिसू नये असं. दिसला तर समुद्र, नाही दिसला तर सळई.

बंदर आलं. तो पाठमोरा माणूस आता दुसऱ्या कडेला होता, उजव्या हातानं दोर ओढत होता. मान तीच, खांदे तेच. पण पुढून सगळं स्वच्छ दिसत होतं. दोर ओढताना त्याची बाही मागं सरली आणि दुसऱ्या मनगटावर काहीतरी चमकलं. पुरुषांत हशा पिकला, रोजचाच असावा. कुणीतरी ओरडलं, "राजाच्या वक्ताला घड्याळ घालून आलाय रे!" खरंच, घड्याळ होतं. पिक्चरवाले त्या माणसाचं घड्याळ काढून घ्यायला विसरले होते. सगळी माणसं हसत होती.

आजी हसणाऱ्यांकडं नाही, पडद्याकडंच बघत राहिली. मग अगदी साध्या आवाजात म्हणाली, "माझ्या पोराकडं घड्याळ नव्हतं."

आम्ही परत निघालो. किल्ला पडायच्याही आधी. वाटेत आजीचा पाय वाळूत रुतत होता, काकीनं तिला दंडाला धरून आणलं.  मला इतकं रडू येत होतं, की काका गेला तेव्हासुद्धा असं आलं नव्हतं.

अवस उजाडली. काकीनं शब्द दिला होता. तिनंच चूल पेटवली, तिनंच सळई निखाऱ्यात घातली. माझी आई घरात थांबू शकली नाही, मागच्या दारी जाऊन कानांत बोटं घालून बसली. मला कुणी हाकललं नाही, मी दाराआड उभी राहिले. काकीनं पोर मांडीवर घेतली आणि तिचा डावा तळवा उघडून धरला. काकीनं डोळे मिटले नाहीत. मी ते कधी विसरणार नाही. पडद्यावरची ती पट्टेवाली शंभर शिपायांपुढं उभी राहायची, पण तिला कुणी असं बसायला सांगितलं असतं तर तिच्यानं झालं नसतं.

आजीनं फडक्यानं सळई धरून बाहेर काढली. टोक लाल झालं होतं. ती वाकली. पोरीला वाटलं खेळ चाललाय. ती हसली आणि आजीचं दुसऱ्या हाताचं बोट तिनं मुठीत पकडलं, घट्ट. आजी तशीच वाकून राहिली. सळईचं टोक लालाचं काळं व्हायला लागलं. 

"तिकडं नाय त्यो," आजी म्हणाली.  "पान्यातपन नाय. कुठंच नाय." आजीनं त्या इवल्या मुठीकडं बघितलं. "एवढाच हाय."

तिनं सळई बादलीत टाकली, पाणी चर्र झालं, आणि मग ती खाली बसली आणि मुलगा मेल्यावर आई रडते तशी रडायला लागली.